कोड उघडा आहे, पण वाचतंय कोण?

लातूर-नांदेडकडच्या कॉम्प्युटर क्लासांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ओपन सोर्सचा कोड हजारो जण तपासतात, म्हणून ते कायम सुरक्षित.’

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड, म्हणजे ते ज्यातून बनतं ती मूळ लिखावट, कोणालाही वाचता येतो, हे खरंच. पण वाचता येणं वेगळं, कुणी वाचणं वेगळं. ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपन सोर्स साधनात ‘हार्टब्लीड’ ही सुरक्षेची चूक २०१२ च्या आवृत्तीतून आली आणि २०१४ मध्ये उघड झाली. तोवर कोड सगळ्यांसमोरच होता. बारव गावाची, गाळ काढायला मात्र दोघं-तिघं, तशातली गत.

एखादं साधन तपासायचं तर त्याच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवतात तिथे, गेल्या वर्षातले बदल किती जणांच्या नावावर आहेत ते बघा. एकच नाव दिसलं, तर मी पर्याय शोधून ठेवतो. सुरक्षेच्या तक्रारींना उत्तर मिळतंय का, तेही पाहा. नुसती शेवटच्या बदलाची तारीख जुनी म्हणून प्रकल्प बंद पडला असं मात्र नाही. छोटं, पुरं झालेलं साधन वर्षभर न बदलताही चालतं.