पार्श्वभूमी : व्हॉट्सॲपवरचा विश्वास नेमका कधी उडाला?

जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲप उघडलं की पडदाभर सूचना यायची : ८ फेब्रुवारीपर्यंत नव्या अटी मान्य करा, नाहीतर खातं वापरता येणार नाही. ‘मान्य’ म्हणायला बटण होतं, ‘आत्ता नको’ म्हणायचीही सोय होती. ‘मान्य नाही’ म्हणायला जागाच नव्हती. बघता बघता सोसायट्यांचे, नातेवाइकांचे, शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांचे ग्रुप सिग्नल आणि टेलिग्रामवर उघडले गेले. १३ जानेवारीला व्हॉट्सॲपने भारतातल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासा केला. १५ जानेवारीला सिग्नलचे सर्व्हर नव्या माणसांच्या लोंढ्याने बसले.

त्या दिवसांत लोकांना भीती होती ती आपले मेसेज आता फेसबुक वाचणार याची. ती भीती चुकीची होती, अविश्वास मात्र रास्त होता. खरा बदल साडेचार वर्षं आधी, ऑगस्ट २०१६ मध्येच होऊन गेला होता आणि तेव्हा फारसं कुणी हललं नव्हतं.

याहू सोडून बाहेर पडलेल्या यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये व्हॉट्सॲप सुरू केलं. जाहिराती नाहीत, नाव-पत्ता-ईमेल काही मागणार नाही, फोन नंबर हेच खातं, अशी त्याची रचना होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला ते विकत घेण्याची घोषणा केली, तेव्हाच लोकांच्या मनात शंका आली होती. कूम यांनी मार्चमध्ये जाहीर निवेदन काढून ती दूर करायचा प्रयत्न केला. सोव्हिएत काळातल्या युक्रेनमध्ये, जिथे फोनवर मोकळं बोलण्याची सोय नव्हती तिथे वाढलेला माणूस आहे मी, आणि मूल्यं बदलावी लागणार असती तर हा व्यवहार केलाच नसता, असा त्यांचा सांगावा होता. युरोपीय आयोगासमोर परवानगी मागताना फेसबुकने आणखी एक गोष्ट सांगितली : दोन्हीकडची खाती आपोआप आणि खात्रीशीरपणे एकमेकांशी जुळवणं आम्हाला शक्य नाही. तांत्रिकदृष्ट्या ते २०१४ मध्येही शक्य होतं आणि कंपनीच्या माणसांना ते ठाऊक होतं, असा निष्कर्ष काढून आयोगाने मे २०१७ मध्ये दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल ११ कोटी युरोचा दंड केला. तोवर व्यवहार पूर्ण होऊन अडीच वर्षं लोटली होती.

२५ ऑगस्ट २०१६ रोजी जे बदललं ते हेच जुळवणं. नव्या धोरणानुसार वापरकर्त्याचा फोन नंबर आणि वापराची माहिती फेसबुककडे जाणार होती, जाहिराती अधिक नेमक्या करण्यासाठी आणि मित्र सुचवण्यासाठी. जुन्या वापरकर्त्यांना नकार देता येत होता, पण त्यासाठी अटींच्या पानावर ‘आणखी वाचा’ उघडून आधीच केलेली बरोबरची खूण काढावी लागे. ते राहून गेलं तर पुढचे ३० दिवस सेटिंग्जमध्ये जाऊन तीच खूण काढता येत होती. तिसाव्या दिवसानंतर तो पर्याय पडद्यावरून नाहीसा झाला. त्यानंतर आलेल्यांना तो कधी दिसलाच नाही. शिवाय ही सूट फक्त जाहिराती आणि फेसबुकवरच्या अनुभवापुरती होती. सुरक्षा, स्पॅम रोखणं, यंत्रणा चालवणं यासाठीची देवघेव खूण काढल्यावरही चालूच राहणार होती. आधी केलेली खूण आणि मुदत उलटल्यावर गायब होणारा पर्याय यांना संमती म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मग मेसेजच्या कुलपाचं काय? एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. किल्ली फक्त दोन्ही टोकांच्या फोनमध्ये असते, मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. हे खरं आहे, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नलचीच आहे. पण सोसायटीच्या फाटकावर वॉचमनची वही असते, ती आठवा. कोण आलं, कुठल्या फ्लॅटमध्ये गेलं, किती वाजता आलं, किती वेळाने परतलं, हे सगळं तिच्यात असतं. आत काय बोलणं झालं ते मात्र नसतं. व्हॉट्सॲपच्या हाती अशी वही राहते : नंबर, फोनमधल्या संपर्कयादीतले नंबर, प्रोफाइलचा फोटो, ग्रुपची नावं, फोनचा प्रकार, आयपी पत्ता, शेवटचं कधी आलात, किती वेळा येता. एखाद्या माणसाचं घर, धंदा, दवाखाना आणि नाती कळायला बहुतेक वेळा ही वहीच पुरते. २०१६ मध्ये चर्चा कुलपाची झाली आणि वही बाजूला राहिली.

भारतात याला लगेच आव्हान मिळालं. दोन विद्यार्थ्यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला : २५ सप्टेंबरपूर्वी खातं काढून टाकणाऱ्यांची माहिती पूर्ण पुसावी, आणि राहणाऱ्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नये. पुढच्या माहितीला मात्र संरक्षण मिळालं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, हाच प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अनिर्णित होता. १९५४ च्या आठ न्यायमूर्तींच्या आणि १९६२ च्या सहा न्यायमूर्तींच्या निकालांत असा हक्क मान्य झालेला नव्हता, आणि सरकार आधारच्या खटल्यात त्यांच्यावरच बोट ठेवत होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने हा हक्क मूलभूत ठरवला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षं काम केलेले निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली डेटा संरक्षण कायद्यासाठी समिती नेमली गेली. जुलै २०१८ मध्ये समितीने अहवाल आणि विधेयकाचा मसुदा दिला. प्रत्यक्ष कायदा यायला त्यानंतर पाच वर्षं गेली.

समिती काम करत असतानाच, मार्च २०१८ मध्ये, केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण उघड झालं. इथे कुणी कुलूप फोडलं नव्हतं. फेसबुकने बाहेरच्या ॲपना जो दरवाजा ठेवला होता त्यातून, ॲप घेणाऱ्याच्या संमतीवर त्याच्या मित्रांचीही माहिती मिळत असे. व्यक्तिमत्त्व चाचणीचं एक ॲप सुमारे २ लाख ७० हजार जणांनी वापरलं, आणि फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्या वाटेने गेली. भारतात ते ॲप घेतलं होतं अवघ्या ३३५ जणांनी, तरी झळ पोचण्याची शक्यता असलेले भारतीय होते ५,६२,४५५. न्यू जर्सीतल्या भाच्याने चाचणी सोडवली की पुण्यातल्या मावशीच्या आवडीनिवडी निघून जाव्यात, अशी ती रचना होती. मावशीला कुणी विचारलं नाही, आणि नकार कुठे द्यायचा हेही तिला कळण्यासारखं नव्हतं. हा दरवाजा फेसबुकने २०१५ मध्ये बंद केला, पण तोवर बाहेर गेलेल्या प्रती परत आणण्याचा उपाय कुणाकडेच नव्हता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जुलै २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

ॲक्टन २०१७ मध्येच बाहेर पडले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी सिग्नलच्या प्रतिष्ठानाला ५ कोटी डॉलर दिले आणि मार्चमध्ये फेसबुक काढून टाका असं जाहीरपणे म्हटलं. एप्रिलअखेर कूम यांनीही राजीनामा जाहीर केला. ज्यांनी शब्द दिला होता ते दोघेही उरले नाहीत.

महाराष्ट्रात याच वर्षी अविश्वासाला दुसरी, फार भीषण बाजू आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठार मारलं. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. मूळ मेसेज कुणी टाकला हे शोधता आलं पाहिजे, ही सरकारची मागणीही इथूनच जोर धरू लागली. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत ती कलम म्हणून आली, आणि मे महिन्यात व्हॉट्सॲप तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यामुळे एकच कंपनी एका खटल्यात खासगीपणा मोडल्याची आरोपी आणि दुसऱ्यात खासगीपणाची कैवारी झाली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत : मजकुराच्या कुलपासाठी ती लढते, वहीच्या वापरावर मात्र तिचा धंदा उभा आहे.

आता २०२१ च्या अटींकडे पाहा. त्यांचा भर व्यवसायांशी होणाऱ्या संवादावर होता. बँक, विमान कंपनी किंवा दुकान तुमच्याशी व्हॉट्सॲपवर बोलतं, तेव्हा त्या बाजूला एक माणूस नसतो. तिथे यंत्रणा असते, अनेकदा तिसऱ्या कंपनीची, आणि आता ती फेसबुकच्या सर्व्हरवरही ठेवता येणार होती. अशा संवादातला मजकूर त्या व्यवसायाला दिसतो आणि तो व्यवसाय त्याचा वापर जाहिरातींसाठी करू शकतो. अशी चॅट उघडून वरच्या नावावर टिचकी मारली की कोणत्या प्रकारची सेवा वापरली जाते ते कळतं. घरगुती गप्पांचं कुलूप तसंच होतं. पण २०१६ चा नकाराचा पर्याय नव्या मजकुरातून अधिकृतपणे गेला, आणि युरोपातल्या वापरकर्त्यांना वेगळं, अधिक बांधलेलं धोरण मिळालं, कारण तिथे २०१८ पासून डेटा संरक्षणाचा कायदा होता. हा दुजाभाव भारत सरकारनेही जानेवारीतल्या पत्रात दाखवून दिला आणि धोरण मागे घ्यायला सांगितलं. मुदत आधी १५ मेपर्यंत वाढली, मग मान्यता न देणाऱ्यांच्या सुविधा कमी करणार नाही असं कंपनीने कळवलं. हे आश्वासन बहुतेकांपर्यंत पोचलंच नाही. म्हणून १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन ते लोकांना कळवा.

खरी कारवाई बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारताच्या स्पर्धा आयोगाकडून झाली. आयोगाने मार्च २०२१ मध्ये चौकशी लावली. कंपनी ती थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथेही हरली. आयोगाचा मुद्दा मला सर्वात मूलभूत वाटतो. घ्या नाहीतर निघा, ही अट एरवी करार म्हणून चालून जाते. पण दूधवाला, शाळेचा पालकांचा ग्रुप, ग्रामपंचायत, सगळेच एका ठिकाणी असतील तर निघण्याला अर्थ उरत नाही. जानेवारी २०२१ मध्ये उघडलेले सिग्नलवरचे बहुतेक ग्रुप काही महिन्यांत ओस पडले ते याच कारणाने. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोगाने वर्चस्वाचा गैरवापर ठरवून मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातींसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी रद्द केली.

या काळात चुकीच्या समजुतीही भरपूर पसरल्या. ‘माझे फोटो वापरायला मी परवानगी देत नाही’ असं फेसबुकच्या भिंतीवर चिकटवून काहीही होत नाही. अटी खातं उघडतानाच मान्य झालेल्या असतात. तीन टिक आल्या म्हणजे सरकारने मेसेज वाचला, हीही थाप. चॅट बाहेर येतात त्या बहुधा फोनमधून किंवा बॅकअपमधून. २०२० मध्ये मुंबईतल्या अमली पदार्थ तपासातल्या, आणि जानेवारी २०२१ मध्ये, नेमक्या या गदारोळातच, टीआरपी प्रकरणाच्या आरोपपत्रासोबतच्या चॅट सगळ्यांनी वाचल्या आणि कुलूप खोटं असल्याचं मानलं. पण हाती आलेला फोन किंवा उघडा बॅकअप असेल तर कुलूप फोडावंच लागत नाही. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरच्या व्हॉट्सॲप बॅकअपला एंड-टू-एंड कुलूप लावायची सोय २०२१ च्या उत्तरार्धात आली, आणि ती आपण होऊन चालू करावी लागते : सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली निवडता येते. जे निवडाल ते कागदावर लिहून ठेवा, कारण ते हरवलं तर कंपनीलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही. आणि समोरच्याने ही सोय चालू केलेली नसेल तर तुमच्याच गप्पांची प्रत त्याच्या बॅकअपमध्ये उघडी राहते. त्याच वेळी ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक जोडलेला नाही ना ते पाहा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन ठेवा. फेसबुकवर बाहेरच्या संकेतस्थळांकडून येणारी तुमच्या हालचालींची नोंद २०२० पासून पाहता आणि तोडता येते, पण ती तोडल्याने जाहिराती कमी होत नाहीत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलती त्यात फार सैल आहेत. पण २०१६ च्या त्या खुणेला उत्तर देणाऱ्या तीन तरतुदीही आहेत. संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. कायद्याआधी घेतलेल्या संमतीबद्दलही कंपनीने वापरकर्त्याला नव्याने सूचना दिली पाहिजे, कोणती माहिती आणि कशासाठी हे सांगून. आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. मराठी त्या यादीत आहे.