एसयू कार्ब्युरेटरची पुनर्बांधणी

झिजलेला एसयू कार्ब्युरेटर (एंजिनासाठी हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारे साधन) पूर्ण खोलून, त्याचे निकामी भाग बदलून आणि बॉडीतील सैल झालेली भोके पुन्हा मापात आणून तो कार्यक्षम करण्याची प्रक्रिया. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये स्किनर बंधूंनी विकसित केलेला हा कार्ब्युरेटर एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ, जॅग्वार अशा अनेक मोटारींवर बसवला जाई. १९६२ पासून बाजारात आलेल्या एमजीबीच्या १,७९८ घ.सेंमी. एंजिनावर दीड इंची एचएस४ प्रकारचे दोन कार्ब्युरेटर असत. येथील वर्णन प्रामुख्याने त्यांचे आहे.

या कार्ब्युरेटरमध्ये हवेचा मार्ग स्थिर नसतो. एंजिनाच्या ओढीने घुमटाकार कोठीतील पिस्टन वर उचलला जातो, मार्ग मोठा होतो आणि पिस्टनला जोडलेली निमुळती सुई जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीतून) तेवढीच वर सरकून जास्त पेट्रोल जाऊ देते. रचना इतकी साधी असल्यामुळे बिघाड झाला की लोक प्रथम जेटचा नट फिरवू लागतात. दोष मात्र बहुधा दुसरीकडेच असतो.

सर्वांत महत्त्वाची झीज थ्रॉटलच्या, म्हणजे मिश्रणाचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या चकतीच्या झडपेच्या, स्पिंडलची. हा दांडा बॉडीच्या भोकांत वर्षानुवर्षे फिरून स्वतः झिजतो आणि भोकेही लांबट करतो. त्या फटीतून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते व एंजिन आयडलिंगला (गाडी उभी असताना मंद गतीला) एकसारखे चालत नाही. स्पिंडलचे टोक बोटांनी धरून वरखाली हलवले तर ढिलेपणा लगेच जाणवतो. नुसत्या गॅसकेटांचा संच बदलण्यालाही सर्रास पुनर्बांधणी म्हटले जाते, पण स्पिंडल सैलच ठेवून केलेले काम वरवरचे होय. झीज फक्त दांड्याची असेल तर नवा दांडा पुरतो. भोके मोठी झाली असतील तर ती रीमरने (भोक मापात कापणाऱ्या हत्याराने) वाढवून त्यांत बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, ठोकावे लागतात. दोन्ही बाजूंचे बुश एका रेषेत येण्यासाठी रीमर एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूपर्यंत सरळ न्यावा लागतो, कारण रेष थोडी जरी चुकली तरी नवा दांडा अडकतो. थ्रॉटलची चकती धरणाऱ्या दोन स्क्रूंची टोके चिरलेली असतात. स्क्रू नवे वापरून, चकती नीट बंद होते हे पाहून, मगच ती टोके फाकवावी लागतात. एखादा स्क्रू सुटला तर तो थेट एंजिनात जातो.

सुई जेटला घासत राहिली की जेटचे भोक अंडाकृती होते, म्हणून सुई व जेट जोडीनेच बदलतात. सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाटीत यावा लागतो, आणि जुन्या घट्ट बसवलेल्या सुईच्या प्रकारात जेट मध्यावर आणावे लागते. पिस्टन उचलून सोडल्यावर तो बारीक ‘टक्’ आवाज करत खाली बसला तर जेट मध्यावर आहे असे समजतात. पिस्टन आणि त्याची कोठी एकमेकांच्या मापाने जुळवलेली असल्याने त्यांची अदलाबदल करू नये. त्यांना पॉलिश पेपरने घासणे तर अक्षम्यच. पिस्टनच्या पोकळ दांड्यात पातळ एंजिन ऑइल घालतात, त्यामुळे थ्रॉटल एकदम उघडल्यावर पिस्टन झटकन वर उसळत नाही व मिश्रण क्षणभर दाट राहते.

जोडणीनंतर जेटचा नट पूर्ण वर घेऊन साधारण दोन फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली आणतात आणि एंजिन गरम झाल्यावर बाकीची जुळणी करतात. दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी रबरी नळी धरून हवेचा सूं-सूं आवाज सारखा करणे ही जुनी रीत आजही चालते. मग पिस्टन सुमारे एक मि.मी. उचलून पाहतात: वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण दाट, एंजिन बंद पडू लागले तर पातळ, आणि किंचित वाढून पूर्ववत झाला तर योग्य.

भारतीय कारागिरांना एमजीबीचे एंजिन सर्वस्वी अनोळखी नाही, कारण अ‍ॅम्बेसेडरचे १,४८९ घ.सेंमी. पेट्रोल एंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या याच बी-मालिकेतील होते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे मात्र जुने रबरी व कॉर्कचे सील खराब होतात, म्हणून आज पुनर्बांधणी करताना इथेनॉल सोसणारे सील व नळ्या निवडणे आवश्यक ठरते.