बॉट ‘मेला’ म्हणून फोन करण्याआधी हे वाचा

(टीमच्या ग्रुपसाठी आमच्याकडून बॉट, म्हणजे ग्रुपमधल्या निरोपांना आपोआप उत्तर देणारा आणि नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम, घेतलेल्यांसाठी, आणि घ्यावा की नाही या विचारात असलेल्यांसाठी)

“साहेब, बॉट कधी उत्तर देतो, कधी गप्प बसतो. सकाळच्या नोंदी आहेत, दुपारच्या नाहीत.” असा फोन आला की आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो: तुमच्याकडं कुणी लॅपटॉपवर काही करून बघतंय का? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, “हां, आमचा पोरगा बघत होता थोडं.”

दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं. ते शोधण्यात तुमचा अर्धा दिवस जातो आणि आमचाही, म्हणून हा कागद छापला.

बॉट ग्रुपमध्ये कसा घ्यायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. टेलिग्रामवर बॉट तयार करताना ‘बॉटफादर’ (नवे बॉट बनवून देणारा टेलिग्रामचाच बॉट) एक टोकन देतो. आधी आकडे, मग दोन टिंबं, मग अक्षरांची लांब माळ. हे टोकन म्हणजे गोडाऊनची किल्ली. ज्याच्या हातात ती, तो बॉटच्या नावानं ग्रुपमध्ये बोलू शकतो आणि बॉटला आलेले निरोप उचलू शकतो.

आता घोटाळा कसा होतो ते बघा. आमच्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम टेलिग्रामला सतत विचारत असतो, “नवीन काही आलंय का?” आलं असेल तर निरोप उचलतो आणि “मिळालं” म्हणून सांगतो. एकदा “मिळालं” म्हटलं की टेलिग्राम तो निरोप पुन्हा देत नाही. या प्रोग्रॅमची प्रत आम्ही तुम्हालाही देतो. तुमच्याकडच्या कुणी तोच प्रोग्रॅम, तेच टोकन घेऊन लॅपटॉपवर चालू केला की विचारणारे दोघे झाले. टेलिग्राम एका वेळी एकालाच धरतो आणि दुसऱ्याला ४०९ क्रमांकाची चूक दाखवून बाहेर काढतो. बाहेर काढलेला पुन्हा दार वाजवतो, मग पहिला बाहेर. दिवसभर ही रस्सीखेच चालते. निरोप आला त्या क्षणी जो आत असेल, त्याच्या पदरात तो पडतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलवाल्यांकडं असंच झालं. फोल्डिंग खात्यातून गाठींची नोंद बॉटवर व्हायची. मालकांच्या पुतण्यानं दोन बटणं वाढवून बघायला म्हणून बॉट लॅपटॉपवर चालू केला आणि झाकण बंद न करता तो जेवायला गेला. काही नोंदी आमच्याकडं, काही त्याच्या लॅपटॉपवरच्या रिकाम्या वहीत, म्हणजे नोंदींच्या फाइलीत. कामगाराला दोन्हीकडून “नोंद झाली” असंच उत्तर मिळत होतं, त्यामुळं कुणाला शंकाच आली नाही. संध्याकाळी दिवाणजींचा हिशोब जुळेना. गाठी शेवटी गोडाऊनमध्ये उभं राहून हातानं मोजल्या. लॅपटॉपवरची फाइल मिळाली म्हणून बरं, नाहीतर त्या नोंदी गेल्याच होत्या.

पोराची चूक होती असं आम्ही म्हणत नाही. बॉटमध्ये हात घालायची हौस चांगलीच. त्यासाठी बॉटफादरकडून दुसरा बॉट बनवायचा. पैसे लागत नाहीत, पाच मिनिटांचं काम. नावाच्या शेवटी इंग्रजीत ‘बॉट’ हवं, एवढी अट. त्याचं टोकन वेगळं, वही वेगळी, ग्रुपही वेगळा. त्यावर काय वाटेल ते करा. चाललं की आम्हाला पाठवा, आम्ही तपासून खऱ्या बॉटवर चढवतो. वर सांगितलेला पुतण्या आता असंच करतो, आणि त्यानं लिहिलेली तेलुगू बटणं आम्ही त्याला विचारून दुसरीकडंही वापरली आहेत. नव्या ग्राहकांना असा चाचणी बॉट आम्ही सुरुवातीलाच जोडून देतो. जुन्यांनी मागितला तर त्यांनाही देऊ, वेगळे पैसे नाहीत.

स्लॅक (ऑफिसातल्या निरोपांचं ॲप) वापरणाऱ्या ऑफिसांना वाटेल की हे आपल्याला लागू नाही. तिथं तर जास्त जपायला हवं. स्लॅकच्या सॉकेट पद्धतीत (प्रोग्रॅम स्लॅकशी जोडणी उघडी ठेवतो आणि निरोप तिच्यावरून येतात) एकाच ॲपच्या, म्हणजे तिथल्या बॉटच्या, १० जोडण्या चालतात आणि निरोप त्यांतल्या कुठल्याही एकीकडं जातो. चूक म्हणून काही दिसतच नाही, नोंदी मात्र वाटल्या जातात.

टोकन चुकून ग्रुपमध्ये चिकटवलं गेलं, किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडं राहिलं, तर ते बॉटफादरकडं जाऊन रद्द करता येतं. पण जुनं टोकन त्या क्षणी मरतं आणि आमचा सर्व्हर बाहेर पडतो. म्हणून आधी आम्हाला कळवा, मग रद्द करा, आणि नवीन टोकन आम्हाला द्या. ते ग्रुपवर टाकू नका, फोटो काढूनही नको. गणवेशवाल्या एका ग्राहकानं रात्री अकराला रद्द केलं आणि आम्हाला सकाळी दहाला सांगितलं. शाळा उघडण्याआधीचे दिवस, शिलाईची घाई, आणि बॉट रात्रभर बंद. नशीब एवढंच की टेलिग्राम न उचललेले निरोप २४ तास सांभाळून ठेवतो, त्यामुळं सकाळी सगळे ओळीनं आले. रविवार मध्ये पडला असता तर काही खरं नव्हतं.

बॉट कुणाच्या नंबरावरून बनवायचा, यावर आमचा नियम पक्का आहे: मालकाच्या. आमच्या नाही आणि हुशार कारकुनाच्याही नाही. “तुम्हीच बनवून टाका की” असं बरेच जण म्हणतात. आमच्या नावावर बॉट ठेवला तर तुम्ही आमच्याकडं अडकून पडाल. धंद्याच्या दृष्टीनं ते आम्हाला सोयीचंच, पण तसलं गिऱ्हाईक आम्हाला नको. प्रोग्रॅमची प्रतही आम्ही याच कारणानं देतो. (हो, लॅपटॉपचा घोटाळा त्या प्रतीमुळंच होतो. तरीही देणार.) आधीच कुणा कामगाराच्या नंबरावर बॉट असेल तर मालकी बदलून घेता येते. त्यासाठी त्याच्या खात्यावर दुहेरी पडताळणी चालू लागते. तो कामावर आहे तोवरच हे उरकून घ्या.

आता नेहमीचे बाकीचे प्रश्न.

“बॉट आमचं सगळं बोलणं वाचतो का?” नाही. टेलिग्रामवर बॉट ग्रुपमध्ये आला की मुळात फक्त त्याच्यासाठीच्या आज्ञा (‘/’ लावून लिहिलेले शब्द) आणि त्याला दिलेली उत्तरं त्याच्यापर्यंत पोचतात. आम्ही ते तसंच ठेवतो. पण तुम्ही त्याला ग्रुपचा ॲडमिन केलंत की सगळं बोलणं त्याच्याकडं जायला लागतं. गरज नसताना ॲडमिन करू नका. “गाठ १२” असं साधं लिहिलेलंही त्यानं टिपावं असं वाटत असेल तर ते बंधन काढता येतं, मात्र त्यानंतर बॉटला ग्रुपमधून काढून परत घ्यावं लागतं. ही शेवटची पायरी हमखास राहते.

“आज्ञा मराठीत का नाहीत?” टेलिग्राम आज्ञेला इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढंच चालवून घेतो. म्हणून आम्ही बटणं देतो. बटणावर मराठी, कन्नड, तेलुगू काहीही लिहिता येतं. सोलापुरात एका शेडमध्ये तिन्ही भाषा चालतात, मग बॉटनंच एका भाषेचा हट्ट का धरावा? ज्यानं जी भाषा निवडली, ती त्याला दिसते. बटण दाबल्यावर बॉटकडं जाणारा, बटणामागचा संकेत मात्र आम्ही आकड्यांत ठेवतो, कारण तिथं ६४ बाइटच मिळतात आणि आपलं एकेक अक्षर, एकेक मात्रा ३ बाइट खाते.

“कामगाराला वेगळा निरोप जात नाही.” त्यानं बॉट उघडून एकदा ‘स्टार्ट’ दाबलेलं नाही. बॉट स्वतःहून कुणाशी बोलायला सुरुवात करू शकत नाही.

“एकदम पन्नास निरोप टाकले, निम्मेच आले.” बॉटला एका ग्रुपमध्ये मिनिटाला २० निरोपांची मर्यादा आहे. उरलेले आमचा बॉट रांगेत ठेवून सोडतो, जरा दम धरा.

“व्हॉट्सॲपच्या आमच्या ग्रुपमध्येच बसवा ना.” हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. साध्या नंबरावर आडवाटेनं बॉट जोडून देणारे आहेत, आणि ते आमच्यापेक्षा स्वस्त आहेत हेही खरं. पण ते व्हॉट्सॲपच्या नियमात बसत नाही आणि नंबर बंद होऊ शकतो. त्याच नंबरावर तुमचे मुंबई-हैदराबादचे व्यापारी असतात. टॉवेलची ऑर्डर घ्यायची तरी कुठून मग? व्यापाऱ्यांशी बोलायला व्हॉट्सॲपची अधिकृत सोय आहे, ती आम्ही लावून देतो. तिथं समोरच्याच्या शेवटच्या निरोपानंतर २४ तास मोकळं बोलता येतं, पुढं फक्त आधी मंजूर झालेले मजकूर जातात. कारखान्याच्या आतल्या कामाला टेलिग्रामच सोपा पडतो, असा आमचा अनुभव.

महिन्याचे पैसे कशाचे, हेही विचारलं जातं. बॉट कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर ठेवला तर चालतो, लाइट असेपर्यंत. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की तो झोपतो. आम्ही सर्व्हर भाड्यानं घेतो, नोंदींची प्रत रोज रात्री वेगळ्या ठिकाणी ठेवतो, आणि ४०९ दिसला की तुमच्याआधी आम्हाला कळेल अशी घंटाही आता बसवली आहे. दर सोबतच्या चिठ्ठीवर आहेत.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: स्क्रीनचा फोटो, बॉटनं शेवटचं बरोबर उत्तर कधी दिलं ती वेळ, आणि त्या दिवशी ऑफिसात कुणाचा लॅपटॉप उघडा होता. तिसरी आधी विचारून घेतलीत तर बहुधा फोन करावाच लागणार नाही.