द सेल्डम सीन

सेल्डम सीन, द : अमेरिकेतील वॉशिंग्टन डी. सी. आणि त्याला लागून असलेल्या मेरिलँड-व्हर्जिनिया भागातील ब्लूग्रास बँड. ब्लूग्रास म्हणजे बँजो, मँडोलिन, गिटार अशा तंतुवाद्यांवर गायले-वाजवले जाणारे अमेरिकी ग्रामीण संगीत. स्थापना १९७१. मूळ वादक पाच : जॉन डफी (मँडोलिन), जॉन स्टार्लिंग (गिटार), बेन एल्ड्रिज (बँजो), माइक ऑल्ड्रिज (डोब्रो, म्हणजे आडवी धरून वाजवायची गिटार) आणि टॉम ग्रे (बास). कलावंत बदलत गेले तरी पन्नास वर्षांहून अधिक काळ हे नाव वाजते राहिले आहे.

ब्लूग्रासचा उगम केंटकीच्या बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या संचात मानतात. १९४५ च्या सुमारास अर्ल स्क्रग्ज यांचा तीन बोटांनी वाजणारा बँजो त्यात आला आणि शैली पक्की झाली. हे संगीत डोंगराळ खेड्यांतले. पण अॅपलाचियन पर्वतराजीतली हजारो माणसे कामधंद्यासाठी बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनकडे आली तेव्हा गाणीही त्यांच्यासोबत आली. सरकारी कचेऱ्यांच्या या शहरात ब्लूग्रासला शिकलेला, नोकरदार श्रोता मिळाला. सेल्डम सीन हे त्या शहराचेच अपत्य.

बँडची सुरुवात एल्ड्रिज यांच्या घराच्या तळघरात झाली. आठवड्यातून एकदा मित्रांनी जमायचे आणि पत्ते कुटावेत तशी गाणी वाजवायची, एवढाच बेत होता. प्रत्येकाचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा होता. स्टार्लिंग लष्करातले शल्यचिकित्सक. व्हिएतनाममध्ये सेवा करून आल्यावर ते वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात काम करत. एल्ड्रिज गणितज्ञ. ऑल्ड्रिज वृत्तपत्रात व्यावसायिक चित्रकार. ग्रे नॅशनल जिओग्राफिकमध्ये नकाशे काढत. डफी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करत. बाहेरगावचे दौरे करायचे नाहीत, आठवड्याला एखादा कार्यक्रम पुरे, असे ठरल्यावर डफींचे जुने साथीदार चार्ली वॉलर यांनी थट्टेने विचारले, मग तुमचे नाव काय, ‘क्वचितच दिसणारे’? इंग्रजीत ‘सीन’ या उच्चाराचे दोन अर्थ होतात, पाहिलेले आणि दृश्य. थट्टेतली शब्दांची ती जोडी स्पेलिंग बदलून नाव म्हणून कायम झाली.

मराठी वाचकाला हौशी रंगभूमी ठाऊक आहे. दिवसा बँकेत किंवा शाळेत, संध्याकाळी तालमीला. या पाच जणांचे जगणे त्याच जातीचे होते, मात्र त्यांचे वादन मुळीच कच्चे नव्हते. उलट, गाण्यावर पोट अवलंबून नसल्याने त्यांना आवडेल तेच गाता आले, आणि त्यांच्या संगीतातला मोकळेपणा इथूनच आला असे मानायला जागा आहे. १९७२ च्या ‘अॅक्ट १’ या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत पारंपरिक गाण्यांशेजारी लोकप्रिय गायक-गीतकार जेम्स टेलर यांचे गाणे निवांत बसले आहे. परंपरेच्या कडव्या रखवालदारांना हे मानवणे कठीण होते.

पाचही जणांची सांगीतिक पूर्वपीठिका मात्र सारखी नव्हती. सर्वांत अनुभवी डफी. १९३४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जन्मलेल्या डफींचे वडील मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायक होते. मुलगा ग्रामीण गाण्यांकडे वळला, तरी छातीतून उचललेला, छत भेदणारा आवाज वारशाने आलाच. १९५७ मध्ये वॉलर आणि बिल इमर्सन यांच्यासह त्यांनी ‘कंट्री जंटलमेन’ उभा केला. लोकगीते आणि जॅझची लकेर ब्लूग्रासमध्ये मिसळण्याचे धाडस या बँडने केले. सततच्या प्रवासाला कंटाळून १९६९ मध्ये त्यांनी तो सोडला. धिप्पाड देह, बारीक कापलेले ताठ केस, भडक पँट आणि दोन गाण्यांमध्ये श्रोत्यांना हसवत ठेवणारी जीभ, असे त्यांचे मंचावरचे रूप होते. त्यांनी एक मँडोलिन स्वतः घडवले. त्याच्या विचित्र आकारामुळे त्याला ‘बदक’ म्हणत. ग्रे हेही ‘कंट्री जंटलमेन’मधले. त्यांचा बास केवळ ठेका धरत नसे, जॅझच्या वळणाने सुरांवरून चालत जाई.

ऑल्ड्रिज यांच्या घरात स्टील गिटार आधीच होती. त्यांचे मामा एल्सवर्थ कझन्स यांनी १९२८ मध्ये कंट्री गायक जिमी रॉजर्स यांच्या ध्वनिमुद्रणांत ती वाजवली होती. डोब्रो म्हणजे मांडीवर किंवा पोटाशी आडवी धरून तारांवर पोलादी पट्टी सरकवत वाजवायची गिटार. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतली हवाईयन गिटार ज्यांच्या कानात आहे त्यांना तिची मींड परकी वाटणार नाही. ब्लूग्रासमध्ये जोश ग्रेव्हज यांनी ती रुजवली होती. ऑल्ड्रिज यांनी तिच्यातला खरखरीतपणा काढून टाकला आणि एकेक सूर गोल, लांब आणि नितळ केला. १९७२ ची त्यांची एकल ध्वनिमुद्रिका पुढच्या पिढीच्या डोब्रोवादकांनी पाठ करावी तशी ऐकली. बँडमध्ये येण्यापूर्वी ते आणि एल्ड्रिज क्लिफ वॉल्ड्रन यांच्या संचात एकत्र होते. स्टार्लिंग यांच्याकडे त्या मानाने मंचाचा अनुभव कमी, पण आवाज ऊबदार आणि गाण्याची पारख उत्तम.

या बँडचा प्राण त्रिस्वर गायनात होता. आपल्याकडच्या समूहगानात बहुधा सगळे एकच चाल गातात. इथे मधली मूळ चाल स्टार्लिंग गात, तिच्यावर डफींचा टेनर, म्हणजे वरचा सूर, चढे आणि ऑल्ड्रिज यांचा बॅरिटोन, म्हणजे खालचा सूर, जागा भरून काढी. ब्लूग्रासमध्ये ‘उंच, एकाकी’ सुराचे कौतुक होते. या तिघांचे एकत्र सूर मात्र मऊ आणि भरलेले लागत. १९७४ ची ‘ओल्ड ट्रेन’ ऐकली की हे लगेच कळते.

सुरुवातीचे कार्यक्रम ‘रॅबिट्स फूट’ या क्लबात, मग मेरिलँडमधील बेथेस्डाच्या ‘रेड फॉक्स इन’मध्ये झाले. पुढे व्हर्जिनियातील अलेक्झांड्रियाच्या ‘बर्चमिअर’मध्ये दर गुरुवारची बैठक वर्षानुवर्षे चालली.

१९७७ मध्ये स्टार्लिंग पूर्णवेळ वैद्यकीय व्यवसायाकडे गेले. त्यांच्या जागी आलेले फिल रोझेन्थाल हे गीतकार होते आणि त्यांचे गाणे बँडने आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. १९८६ मध्ये त्यांची जागा लू रीड यांनी घेतली. उत्तर कॅरोलायनाचे रीड हे डॉयल लॉसन यांच्या ‘क्विकसिल्व्हर’ या ब्लूग्रास संचात घडलेले. ग्रे यांच्यानंतर आलेले टी. मायकल कोलमन अनेक वर्षे गिटारवादक-गायक डॉक वॉटसन यांच्या साथीला होते. त्यांच्या हातात उभ्या बासऐवजी इलेक्ट्रिक बास होता आणि जुन्या रसिकांपैकी काहींना तो खटकला.

मोठी फूट १९९५ च्या अखेरीस पडली. ऑल्ड्रिज, कोलमन आणि तेव्हाचे गायक मूंडी क्लाइन ‘चेसापीक’ या बँडसाठी बाहेर पडले. डफी आणि एल्ड्रिज यांनी नवे तिघे घेतले : ‘जॉन्सन माउंटन बॉइज’चे डडली कॉनेल, डोब्रोवर फ्रेड ट्रॅव्हर्स आणि बासवर रॉनी सिम्पकिन्स. कॉनेल यांचा आधीचा बँड जुन्या, कडक वळणाचा म्हणून ओळखला जाई. परंपरेतल्या गायकाने परंपरा सैल करणाऱ्यांत यावे, ही मला या इतिहासातली फार रोचक घटना वाटते. नवा संच स्थिरावत होता तोच १० डिसेंबर १९९६ रोजी डफी हृदयविकाराने गेले. ते ६२ वर्षांचे होते. मधल्या काळात बँड सोडून गेलेले लू रीड मँडोलिन घेऊन परतले आणि बँड टिकला.

२०१४ मध्ये मूळ पाच जणांचा आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. ऑल्ड्रिज त्याआधी, डिसेंबर २०१२ मध्ये वारले होते. स्टार्लिंग २०१९ मध्ये गेले. एल्ड्रिज २०१६ मध्ये निवृत्त झाल्यावर संस्थापकांपैकी कोणीही मंचावर उरला नाही. बँजो रॉनी यांचे भाऊ रिकी सिम्पकिन्स यांच्याकडे आला. १४ एप्रिल २०२४ रोजी एल्ड्रिज यांचेही निधन झाले. त्यांचा मुलगा क्रिस काही काळ या बँडमध्येच गिटार वाजवत होता आणि पुढे ‘पंच ब्रदर्स’चा गिटारवादक म्हणून नावारूपाला आला.