दम वाढला, पण टाच तयार आहे का?

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात संशोधकांनी विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. उठणं नाही, चालणं नाही. तीन आठवड्यांनी मोजमाप घेतलं तेव्हा त्यांच्या शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली होती. या क्षमतेला व्हीओटू मॅक्स म्हणतात. आपण ज्याला दम म्हणतो, त्याचा हा मोजता येणारा आकडा. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासणीला आले. आता पन्नाशी आली होती, वजन वाढलं होतं, अंगातली चरबी दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दम घालवला होता, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने घालवला होता! मग सहा महिने त्यांच्याकडून चालणं, हळू पळणं आणि सायकल असा व्यायाम बेताबेताने वाढवत करून घेतला, आणि सरासरी दम विशीतल्या मूळ पातळीवर येऊन पोहोचला.

पाच माणसं म्हणजे फार थोडी, हे खरं. पण २०१८ मध्ये टेक्सासमधल्याच संशोधकांनी ४५ ते ६४ वयाच्या, बैठं काम करणाऱ्या लोकांवर केलेला दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याचा ताठरपणा पाव हिश्शाने कमी झाला. वयाबरोबर हृदयाची भिंत कडक होत जाते, हे आपण जणू नशीब म्हणून धरून चालतो. मध्यमवयात सुरुवात केली तरी ती बरीच सैल करता येते, हे मला या विषयातलं सर्वांत आनंदाचं संशोधन वाटतं.

नाशिकमध्ये हे सांगायला विशेष कारण आहे. आपल्याकडे सहनशक्तीच्या खेळांचं वातावरण आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, जवळजवळ ४८०० किलोमीटरची रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे गेलात, तर निम्मी गर्दी चाळिशीच्या पुढची दिसते. त्यातल्याच कुणाला तरी एक दिवस वाटतं, आपण ट्रायथलॉन करून बघावी. आधी पोहणं, लगेच सायकल, लगेच पळणं. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचे आकडे ऐकून (३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन) घाबरायचं कारण नाही. नवशिक्यांची स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. पन्नास मीटरच्या तलावात पंधरा वेळा या टोकाचं त्या टोकाला जायचं, मग नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीच्या आसपास पोहोचू एवढी सायकल, आणि मग पळणं.

माझ्या वहिनींनी पंचेचाळिशीत हे मनावर घेतलं. बँकेत नोकरी, मुलगी दहावीत, घरात त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझी आई. सुरुवातीला पाच मिनिटं पळून धाप लागायची. काही आठवड्यांत त्या अर्धा तास आरामात पळू लागल्या, आणि मग एका सकाळी मला म्हणाल्या, “भाऊजी, दम तर लागतच नाही आता. मग पलंगावरून खाली पाय टेकवला की टाचेच्या मागे एवढी कळ का येते? दहा पावलं चालले की बरं वाटतं, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.”

मध्यमवयीन नवशिक्याचं बहुतेक दुखणं या प्रश्नात आलं. व्यायामाला शरीर एकजिनसीपणे उत्तर देत नाही. प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं असतं. सर्वांत आधी बदलतं रक्त. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त रक्त ढकलतं आणि नाडी खाली येते. त्यानंतर स्नायू. स्नायूंच्या पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया. अमेरिकी संशोधक जॉन हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना पळवून दाखवून दिलं की सरावाने स्नायूंतली ही यंत्रणा जवळजवळ दुपटीने वाढते. माणसात हा फरक महिना-दीड महिन्यात जाणवायला लागतो. म्हणजे दोन महिन्यांत दम वाढतो, मन उत्साहाने भरतं आणि माणूस अंतर वाढवतो. टाचेमागची ती जाड शीर, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा, तेव्हा जिथली तिथेच असते.

ती किती हट्टी आहे, हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी फार सुंदर रीतीने शोधलं. १९५५ ते १९६३ या काळात जगभर हवेत अणुचाचण्या झाल्या, त्यामुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन-१४ एकदम वाढला आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरत गेला. तो अन्नावाटे सगळ्यांच्या शरीरात गेला. त्यामुळे एखाद्या ऊतीत कार्बन-१४ किती आहे यावरून ती कोणत्या वर्षी घडली ते सांगता येतं. २०१३ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या लोकांच्या टाचेच्या कंडरा तपासल्या. कंडरेचा गाभा माणसाच्या साधारण पहिल्या सतरा वर्षांतच घडलेला निघाला, पुढे त्याचं नूतनीकरण जवळजवळ नाहीच. त्याच माणसांच्या स्नायूंचं मात्र सतत नवं-जुनं होत होतं. म्हणजे वहिनींची पोटरी या वर्षीची आहे आणि तिला टाचेशी बांधणारा दोर त्यांच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतला. आणि पळताना त्या दोरावर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो. पाच किलोमीटरमध्ये दोन्ही पायांची मिळून अशी पाच-सहा हजार पावलं पडतात.

मग कंडरा सुधारतच नाही का? सुधारते. गाभा बदलला नाही, तरी नेमका ताण दिला की ती जास्त भार सोसायला शिकते, फक्त तिला महिने लागतात. स्वीडनचे शल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची स्वतःची टाच अशीच दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात, तेव्हा कंडरा तुटली तर करावीच लागेल, या हिशेबाने त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली, आणि दुखणं वाढायच्या ऐवजी कमी होत गेलं, असं ते सांगतात. १९९८ मध्ये त्यांनी सरासरी चव्वेचाळीस वर्षांच्या पंधरा हौशी खेळाडूंकडून हाच व्यायाम बारा आठवडे करून घेतला आणि पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे पळू लागले. व्यायामाला यंत्र लागत नाही. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलायच्या, आणि दुखऱ्या एकट्या पायावर टाच सावकाश पायरीच्या खालपर्यंत सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराच्या तीन फेऱ्या, गुडघा किंचित वाकवून पंधराच्या तीन. सकाळी आणि संध्याकाळी. आमच्याकडे वहिनी कठडा धरून हे करतात आणि आई खालच्या पायरीवर बसून मोजते. आकडा चुकला तर ती पुन्हा एकपासून मोजायला लावते. (दुखणं सुजेसकट असेल किंवा टाचेत ‘टक’ असा आवाज होऊन एकदम आलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, पायरीवर चढायचं नाही.)

कंडरेबद्दलची आणखी एक गोष्ट ट्रायथलॉनच्या फार उपयोगाची आहे. मोठ्या व्यायामानंतर पहिला दीड दिवस कंडरेत कोलॅजेनची, म्हणजे ती ज्या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असते त्याची, झीज बांधणीपेक्षा जास्त असते. बांधणी वरचढ होते ती त्यानंतर. रोज पळणारा नवशिका ती वेळ येऊच देत नाही. दिवसाआड पळणाऱ्याला मात्र बांधणीचा फायदा मिळतो. आणि मधल्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर या खेळातच आहे: सायकल आणि पोहणं. हृदय तिन्ही खेळांत एकच, कंडरांवरचा भार मात्र वेगवेगळा. सायकलवर टाचेला आपटे बसत नाहीत, पाण्यात तर वजनच उरत नाही. सायकलने कमावलेला दम पळताना बराच कामी येतो, पोहण्यातला त्यामानाने कमी, पण हृदयाची मेहनत वाया जात नाही. म्हणून मला वाटतं, चाळिशीनंतर नुसत्या मॅरेथॉनच्या मागे लागण्यापेक्षा ट्रायथलॉन शरीराला जास्त मानवणारी आहे.

पोहण्याचं शास्त्र मात्र पूर्ण वेगळं. तिथे दम कमी आणि कसब जास्त लागतं. आपल्या पिढीतले पुष्कळ जण पाठीला डबा बांधून विहिरीत किंवा नदीत शिकले, मान वर काढून. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे, आणि वेग दुप्पट केला तर पाण्याचा अडथळा सुमारे चौपट होतो. छातीत हवा असल्याने छाती तरंगते. कंबर आणि मांड्या जड, त्या बुडू पाहतात. मान वर काढली की पाय आणखी खाली जातात आणि सगळं शरीर तिरकं होऊन पाणी अडवतं. चेहरा पाण्यात, नजर तळाकडे ठेवली की पाय आपोआप वर येतात आणि तेवढ्याच मेहनतीत दुप्पट अंतर कापल्यासारखं वाटतं. दुसरी अडचण श्वासाची. जीव घाबरा होतो तो बहुधा ऑक्सिजन संपल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साठल्याने. श्वास घ्यायची ओढ मेंदूत मुख्यतः त्यामुळेच लागते. नवशिका पाण्यात श्वास कोंडून धरतो आणि तोंड बाहेर काढल्यावर त्या पाव सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकू पाहतो. तोंड पाण्यात असतानाच नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहायचं. सावरकर जलतरण तलावावर एक आठवडा नुसतं काठ धरून एवढंच केलं, तरी पुढचं शिकणं सोपं जातं.

इथे एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन स्पर्धांमधल्या मृत्यूंची आणि हृदयक्रिया थांबण्याच्या घटनांची एकत्र नोंद अभ्यासली गेली. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या. सरासरी वय ४७ च्या आसपास, आणि ८५ टक्के पुरुष. लाख स्पर्धकांमागे दोनाहून कमी असं हे प्रमाण आहे, त्यामुळे घाबरायचं नाही. पण ज्यांच्या शवविच्छेदनाची माहिती मिळाली, त्यांतल्या ४४ टक्के लोकांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता. गार पाणी, गर्दी, घाई आणि आतला न कळलेला आजार असं सगळं एका वेळी जुळून येतं. चाळिशीनंतर, आणि विशेषतः घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर, नाव नोंदवण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिनही बघावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी असेल, तर सरावाला दोष देण्यात अर्थ नाही. वहिनींचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं आणि गोळ्या सुरू झाल्यावर त्यांना चढावर लगेच नाही, पण काही आठवड्यांत फरक पडला.

घरच्या माणसांचा प्रश्न शास्त्राच्या बाहेरचा वाटतो, पण तो झोपेचा प्रश्न आहे. वाढीचं संप्रेरक, जे दुरुस्तीच्या कामाला लागतं, ते मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत स्रवतं, आणि ही गाढ झोप वयाबरोबर कमीच होत जाते. दहावीची मुलगी अकरापर्यंत जागी, दिवा चालू, आणि तिची आई साडेचारला उठून गंगापूर रोडला सायकलवर. असं महिनाभर चाललं की व्यायाम शरीर झिजवतो, बांधत नाही. आमच्या दादाने सकाळचे डबे स्वतःकडे घेतले, तेव्हा वहिनींना पाऊण तास जास्त झोप मिळाली. माझ्या मते कुठल्याही महागड्या बुटांपेक्षा त्या पाऊण तासाची किंमत जास्त. स्प्रिंटच्या तयारीला आठवड्याला चार-पाच तास पुरतात, त्यातला बराच भाग बँकेत सायकलने जाण्या-येण्यातही बसतो. घाई असेल तर एखादा दिवस गाळावा, झोप गाळू नये.

पहिली स्पर्धा तलावात पोहण्याची निवडावी, खुल्या पाण्याची नव्हे. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे थांबून गर्दी पुढे जाऊ द्यावी. आणि सायकलवरून उतरून पळण्याचा सराव हवाच. सायकलवर मांड्या फक्त आकुंचन पावत ढकलतात, पळताना त्यांना आपटा झेलून परत उसळायचं असतं. त्यामुळे पहिला किलोमीटर पाय आपले नाहीतच असं वाटतं. वहिनी रविवारी त्र्यंबक रस्त्यावरून परत आल्या की सायकल जिन्याखाली लावून तशाच कॉलनीला दोन फेऱ्या मारतात, अगदी हळू. सोमवारी उठल्यावर टाच नेहमीपेक्षा जास्त धरलेली असेल, तर पुढच्या रविवारी एकच फेरी.