घराला गोधडी नेमकी कुठे पांघरायची?

मुलुंडच्या आमच्या घरी मे महिन्यात रात्री दहा वाजता पंखा लावायला नको वाटायचं. सातवा मजला, म्हणजे इमारतीचा शेवटचा. खिडकीतून येणारी झुळूक जरा तरी बरी लागायची, पण पंखा सुरू केला की छताखाली साचलेली गरम हवा थेट अंथरुणावर उतरायची. एकदा स्टुलावर चढून मी स्लॅबला तळहात लावला. नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखा ऊबदार! सूर्य मावळून तीन तास झाले होते. आई चादर ओली करून अंगावर घ्यायची, आणि अर्ध्या तासात ती चादर नुसती कोमट व्हायची.

काँक्रीट ऊन लगेच आत सोडत नाही. आधी स्वतः तापतं, मग हळूहळू खाली पोचवतं. पाच-सहा इंची स्लॅबला दुपारचं ऊन खालच्या अंगापर्यंत न्यायला चार-पाच तास सहज लागतात. त्यामुळे दुपारी दोनचं ऊन आपल्याला भेटतं ते संध्याकाळी जेवणाच्या वेळी, आणि साठलेली उष्णता संपता संपता मध्यरात्र उलटते. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला हे अंगानं ठाऊक आहे. त्यामागचं गणित कळलं, तर त्यावर उपायही करता येतो, म्हणून हा लेख.

कमीत कमी ऊर्जेत राहण्याजोगं घर म्हटलं की जगभर डार्मश्टाटचं नाव निघतं. जर्मनीतल्या या शहरात १९९१ साली भिंतीला भिंत लागून असलेल्या चार घरांत माणसं राहायला आली. वोल्फगांग फाइस्ट हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आणि स्वीडनचे बो आदामसन यांच्या विचारातून ही घरं उभी राहिली. भिंतींवर पाव मीटरहून जाड थर्माकोलसारख्या फोमचा थर, छतावर त्याहूनही जाड थर, खिडक्यांना तिहेरी काच, आणि फटी इतक्या बुजवलेल्या की वारा आत शिरू नये. यातूनच पुढे ‘पॅसिव्ह हाउस’चा निकष रूढ झाला: घर ऊबदार ठेवायला वर्षाकाठी दर चौरस मीटरमागे १५ युनिटांहून जास्त उष्णता लागता कामा नये. आपल्या पाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटच्या मापात सांगायचं, तर अख्ख्या जर्मन वर्षाला सुमारे ७०० युनिट.

मग मुंबईतल्या भिंतींनाही अशीच जाड गोधडी पांघरायची का? सरसकट नाही, आणि हेच मला या लेखात सांगायचं आहे.

भिंतीतून किती उष्णता वाहणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, भिंत कशाची आहे. दोन, आतल्या आणि बाहेरच्या तापमानात फरक किती आहे. डार्मश्टाटला कडक थंडीत बाहेर उणे १० आणि आत २० अंश असले, तर फरक ३० अंशांचा. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी बाहेर ३४ आणि एसीच्या खोलीत २६ असेल, तर फरक जेमतेम ८. एसी नसेल तर फरक जवळजवळ नाहीच. म्हणजे सावलीतल्या भिंतीपुरतं बोलायचं, तर तीच भिंत मुंबईत पाव भागच उष्णता आत घेते. उलट एसी नसलेल्या घराला चहूबाजूंनी जाड थर लावला, तर स्वयंपाकाची, फ्रिजची, माणसांच्या अंगाची उष्णता रात्री बाहेर पडायला वाट उरत नाही.

पण छताचं तसं नाही. उन्हात तापलेल्या काळपट गच्चीचं पृष्ठभागाचं तापमान ६० अंशांच्या आसपास सहज पोचतं. मे महिन्याच्या मध्याला तर मुंबईत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली नाहीशी होते. वर ६०, खाली खोलीत ३०. फरक तीस अंशांचा! डार्मश्टाटची कडक थंडी ज्या फरकानं घरातली ऊब ओढून नेते, तेवढाच फरक आपल्या गच्चीवर उन्हाळाभर दर दुपारी हजर असतो. फक्त उष्णतेची दिशा उलटी.

आता दहा बाय बाराची बेडरूम घेऊ. छत सुमारे ११ चौरस मीटर. साध्या स्लॅबमधून एका चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, साधारण ३ वॅट उष्णता जाते. ११ गुणिले ३ गुणिले ३०, म्हणजे ९९० वॅट. छताला एक किलोवॅटचा हीटर टांगून तो चालू ठेवावा, तसं हे आहे. प्रत्यक्षात स्लॅबच्या जाडीमुळे ही उष्णता उशिरा आणि पसरून येते, पण येते जरूर. आणि त्याच खोलीत आपण एक टनाचा एसी लावतो, ज्याची उष्णता उपसायची ताकद साडेतीन किलोवॅट. त्यातला मोठा हिस्सा या छुप्या हीटरशी झुंजण्यात खर्ची पडतो.

इथे मात्र गोधडी हवीच. वॉटरप्रूफिंग करताना विटांच्या तुकड्यांचा कोबा घालण्याआधी स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस फोमचे (थर्माकोलच्याच जातीच्या, पण दाट आणि कडक फोमचे) बोर्ड अंथरले, तर त्या ३ वॅटचे जवळपास अर्धा वॅट होतात, आणि ९९० चे १६५. थर स्लॅबच्या वर हवा, खाली नव्हे. खालून फॉल्स सीलिंग केलं तर खोलीला थोडा आराम मिळतो, पण स्लॅब रोज तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो, आणि त्या ओढाताणीत तडे जातात. तेच तडे पावसाळ्यात गळतात.

बोर्डांचा खर्च झेपत नसेल तर पांढरा रंग. पांढरा पृष्ठभाग ऊन तापण्याआधीच परतवतो, म्हणून गच्चीपुरता हा सगळ्यांत स्वस्त उपाय. चुन्याचा हात, उष्णता परावर्तित करणारा गच्चीचा रंग, किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझेक, काहीही चालेल. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी पांढरा रंग दिला. चपलेशिवाय गच्चीत पाय टाकता येत नव्हता, तिथे आता दुपारी वाळवणाची पापडांची ताटं ठेवायला बायका अनवाणी जातात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. आपल्या पावसात गच्चीला शेवाळ धरतं, त्यावर धूळ बसते, आणि पांढऱ्याचा करडा होतो. दिवाळीच्या सुमारास घासून धुतली नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात निम्मा फायदा गेला.

अनेक सोसायट्यांनी गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड घातली आहे. शेडच्या बाजू उघड्या असतील आणि पत्रा व स्लॅब यांच्यामधून वारा खेळत असेल, तर तीही स्लॅबला चांगली सावली देते. गळतीसाठी केलेल्या खर्चात उकाड्याचं काम परभारे झालं.

छताखालोखाल त्रास पश्चिमेच्या भिंतीचा आणि खिडकीचा. दक्षिणेचा सूर्य आकाशात वर असतो, त्याला खिडकीवरचा दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. संध्याकाळचा सूर्य समोरून, डोळ्यांच्या रेषेत येतो. छज्जाचा त्याला काही उपयोग नाही. तिथे उभ्या झडपा, बाहेरून सोडलेली चिक किंवा झाड हवं. घरातला जाड पडदा फारसा कामाचा नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा तापतो, आणि तो सोडत असलेली उष्णता काचेतून पुन्हा बाहेर पडत नाही. सावली काचेच्या बाहेर असेल तरच ती सावली.

मुंबईची खरी अडचण अशी, की समुद्राचा वाराही पश्चिमेकडूनच येतो. ऊन नको, पाऊस नको, वारा मात्र हवा, आणि तिघंही एकाच बाजूनं. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) याला फार सुंदर उत्तर दिलं. घरं पूर्व-पश्चिम उघडी ठेवली, पण कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल बागा कोरून काढल्या. ऊन आणि पावसाची झड त्या बागेतच अडते, वारा तेवढा पुढे खोलीत जातो. जुन्या बंगल्यांचा व्हरांडा २८ मजल्यांच्या इमारतीत त्यांनी असा आणला. आणि कोकणातल्या घराची पडवी, चाळीची गॅलरी तरी दुसरं काय करत होती? भिंतीवर थेट ऊन पडू द्यायचं नाही, एवढंच. म्हणून बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली पाहिली की मला वाईट वाटतं. चार फूट जागेची गरज मला समजते. मुंबईत राहून ती कोणाला कळणार नाही? पण त्या बदल्यात घराची सावली जाते, आणि वर तिथे सरकती खिडकी बसते, जिची अर्धी जागा कायम काचेनं बंद. बाहेर उघडणारी झडपेची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. त्याच मापाच्या भोकातून जवळपास दुप्पट वारा!

हवामान बदललं की हे सगळे नियम बदलतात. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी चाळिशी ओलांडलेला पारा पहाटे पंचविशीकडे उतरतो. तिथल्या जुन्या धाब्याच्या घरांची जाडजूड मातीची भिंत दिवसभर ऊन सोसते आणि रात्रीच्या गारव्यात रिकामी होते. मुंबईत मे महिन्यात दिवस-रात्रीत जेमतेम सहा-सात अंशांचा फरक. जाड भिंतीला निवायला रात्रच मिळत नाही. लेहला याच्या उलट, हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन काचेतून मुद्दाम आत घेतात, काचेमागच्या काळ्या रंगाच्या जाड भिंतीत साठवतात आणि रात्री वापरतात. जी काच लेहला चुलीचं काम करते, ती मुंबईत घर भाजून काढते.

आता आपल्या दमटपणाबद्दल, कारण मुंबईच्या बिलातला हा हिस्सा कोणी मोजत नाही. एसीच्या नळीखाली रात्रभर बादली ठेवून पाहा. सकाळी त्यात दहा लिटर पाणी साठलं असेल, तर ते खोलीतल्या हवेतून पिळून काढलेलं आहे. एक लिटर वाफेचं पाणी करताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता बाहेर पडते आणि ती एसीला उपसावी लागते. दहा लिटरला जवळपास सात युनिट उष्णता, म्हणजे चांगल्या एसीत साधारण दोन युनिट वीज, नुसतं पाणी काढायला.

हे पाणी येतं कुठून? थोडं आपल्या श्वासातून आणि घामातून, पण बरंचसं फटींतून. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. एसीच्या खोलीतल्या २५ अंशांच्या हवेत असतं १२-१३ ग्रॅम. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतली हवा एकदा पूर्ण बदलली, की पाव लिटरहून जास्त पाणी नव्यानं आत आलं. ती हवा थंड करायला जेवढी शक्ती लागते, त्याच्या दुपटीहून जास्त शक्ती तिच्यातलं हे पाणी काढायला लागते. दाराखालची अर्ध्या इंचाची फट, सरकत्या खिडकीच्या रुळातली भोकं, जुन्या विंडो एसीच्या भोकावर ठोकलेला प्लायवूड, सगळीकडून हे पाणी येत राहतं. डार्मश्टाटच्या घरांतली जी गोष्ट मुंबईनं डोळे झाकून उचलावी, ती हीच: एसीच्या खोलीच्या फटी बुजवणं. दाराखालची रबरी पट्टी हा घरातला सगळ्यांत कमी खर्चाचा उपाय असावा. आणि एसी बंद असेल तेव्हा मात्र खिडक्या सताड उघड्या. मुंबईचं घर दोन प्रकारे जगतं, त्याला दोन्ही यायला हवं.

दमट हवेचा आणखी एक फटका भिंतीला बसतो. थंड देशांत वाफ आतून बाहेर जाऊ पाहते, म्हणून ती अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात. एसी चालू असलेल्या मुंबईच्या घरात वाफ बाहेरून आत येते. तोच पडदा आपण आतून लावला, मग तो प्लॅस्टिकचा वॉलपेपर का असेना, तर वाफ त्याच्यामागे थंड होऊन पाणी होते आणि काळी बुरशी धरते. परदेशी माहितीपत्रकातला भिंतीचा नकाशा जसाच्या तसा इथे वापरला, तर असं होतं.

नव्या टॉवरची मला अधिक काळजी वाटते. साइटवर ज्याला मिवान म्हणतात, त्या ॲल्युमिनियमच्या साच्यांत हल्ली भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्यानं होतं, भिंत सरळ येते. पण काँक्रीटमधून उष्णता विटेच्या जवळपास दुप्पट, आणि हलक्या एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या सिमेंटच्या विटांच्या) आठ-नऊ पट वेगानं जाते. आठ इंची एएसी भिंत जेवढी उष्णता अडवते, तेवढी काँक्रीटनं अडवायची तर भिंत पाच-सहा फूट जाड लागेल. पश्चिमेला उघडी, बिनछज्जाची अशी भिंत म्हणजे आमच्या मुलुंडच्या स्लॅबचं उभं भावंड.

यावर सरकारी मोजपट्टी तयार आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली. भिंती आणि खिडक्यांतून मिळून दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटहून जास्त उष्णता आत येऊ नये, छतातून एका अंशाच्या फरकाला १.२ वॅटहून जास्त जाऊ नये, असं ती सांगते. मुंबईसारख्या उष्ण-दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या एक षष्ठांश हवं, थंड प्रदेशात त्याच्या निम्मं पुरे, हा फरकही तिच्यात आहे. त्यात सरकती खिडकी अर्धीच मोजली जाते.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी आता सुरू झाली आहेत. बिल्डरनं दिलेल्या यादीत टाइल्सचा आकार आहे, नळांची कंपनी आहे, व्हिडिओ डोअरफोन आहे. भिंत कशाची आणि किती जाड, पश्चिमेच्या खिडकीबाहेर सावलीची सोय काय, खिडकी सरकती की झडपेची, आणि कोब्याखाली बोर्ड घालणार का, यातलं काहीही नाही. पुढच्या सभेत हे चार प्रश्न मी लेखी देणार आहे. करारावर सह्या होण्याआधी कोब्याखालच्या दोन इंचांचा खर्च टाइल्सच्या शेजारी एका ओळीत मावतो. नंतर त्यासाठी अख्खा कोबा फोडावा लागतो.