वाणीच्या पोटापासून वारुळापर्यंत

पेरणीनंतर कोवळे कोंब कुरतडणारी वाणी, कुणी तिला पैसा म्हणतात, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळी दाखवावी लागत नाही. किड्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव कोणती प्रतिजैविकं बनवतात, या विषयाच्या मुळाशी काडी लावली की वेटोळं करणारा हाच जीव आहे. १८४९ मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ लीडी यांनी वाणीचं आतडं चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर अस्तराला चिकटलेले धाग्यांसारखे सूक्ष्मजीव दिसले. ते तिथं करतात काय, हे विचारायला पुढची शंभरेक वर्षं फारशी कुणाला सवड झाली नाही.

पुढे सगळ्यांचं लक्ष मातीनं ओढून घेतलं. १९४३ मध्ये सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना मातीतल्या जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयावर औषध सापडलं म्हटल्यावर जो तो माती चाळू लागला. काही दशकांत तेच ते औषधी रेणू पुन्हा हाती यायला लागले.

आतड्यातल्या जीवांचं काम मात्र दुसरीकडे उलगडत होतं. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात डिलन आणि चार्न्ली यांचं काम टोळांवर चालू होतं. हुमणीसाठी आपण जे मेटारायझियम वापरतो, ती बुरशी साध्या टोळाच्या आतड्यात रुजत नव्हती. जंतूविना वाढवलेल्या टोळात मात्र रुजली. आतड्यातले जीवाणू फिनॉल वर्गातली द्रव्यं तयार करून तिला अडवत होते.

२००८ च्या खरिपात आपल्या सोयाबीनची चाळणी करणारी स्पोडोप्टेरा ही पानं खाणारी अळी आठवत असेल. तिच्या आफ्रिकेतल्या चुलतबहिणीच्या पोटात एंटेरोकॉकस मुंडटाय नावाचा जीवाणू ठाण मांडून असतो. तो मुंडटिसिन नावाचं जीवाणूमारक द्रव्य सोडून आपल्याच जातकुळीतल्या घुसखोरांना मारतो, हे २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. अळीचं रक्षण होतं ते ओघानं.

आणि वारूळ. नागपंचमीला पूजा नागाची होते, घर मात्र वाळवीनं बांधलेलं. आत ती बुरशीची बाग राखते. पावसाळ्यात वारुळावर येणारी भूछत्रं त्याच बागेतली. दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच एका वाळवीच्या बॅसिलस जीवाणूत २०१३ मध्ये बॅसिलीन हे प्रतिजैविक सापडलं. बागेत शिरणाऱ्या तणबुरशीला ते रोखतं. पण औषध म्हणून ते हाताळणं अवघड, कारण उजेडात ते टिकत नाही. वारुळात उजेड नसतो.